कान आणि नाक: दोन सीटी स्कॅन, दोन न्याय

आमच्या घरात सध्या दोन सीटी स्कॅन एकाच फाइलीत आहेत, एक धाकट्या भावाच्या वाहत्या कानाचा आणि दुसरा माझ्या जुनाट सायनसचा. दोन्ही अहवालांत रचनेतले दोष नोंदलेले आहेत. मात्र त्यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल.

माझ्या नाकाचा मधला पडदा डावीकडे वाकलेला असून उजव्या बाजूच्या मधल्या शंखास्थीत, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरून आत आलेल्या हाडाच्या वळकटीत, हवेची पोकळी आहे. अशी ठेवण असूनही सायनसचा कसलाच त्रास नसलेली माणसे पुष्कळ आहेत. गालातल्या सायनसचे, म्हणजे हाडातल्या पोकळीचे, तोंड तळाशी नसून वरच्या अंगाला असते. त्यामुळे आतला स्राव आपोआप ओघळत नाही, अस्तरावरचे सूक्ष्म केस त्याला चढणीवर ढकलत नेतात, आणि त्या अरुंद तोंडापाशी सूज आली की वाट तुंबते. स्कॅनमध्ये हवा काळी दिसते, सूज किंवा स्राव करडा. माझी ती वाट अरुंद असली तरी काळी, म्हणजे मोकळी दिसते. नुसता वाकडा पडदा दाखवून शस्त्रक्रियेची घाई करणे म्हणूनच मला पटत नाही.

कानात बहुतेक वेळा आधी रोग येतो आणि मोडतोड मागाहून होते. कानाच्या पडद्याच्या मधोमध पडलेले छिद्र सर्दीत भरपूर वाहते, पण सहसा जिवावर बेतत नाही. याउलट पडद्याच्या वरच्या, सैल भागातला खळगा दिसायला किरकोळ, दुखतही नाही, स्राव थोडा पण दुर्गंधीचा. मात्र त्यात साठत गेलेल्या त्वचेचा गोळा, म्हणजे कोलेस्टिटोमा, हाड कुरतडत चेहऱ्याच्या नसेपर्यंत किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. भावाच्या कानात ऐरणीच्या हाडाचा, म्हणजे मधल्या कानातल्या तीन इवल्या हाडांपैकी मधल्याचा, लांब दांडा झिजला आहे. रक्तपुरवठा तोकडा असल्याने बहुधा तोच आधी जातो.

गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात डॉक्टरांनी भावाच्या नाकातही दुर्बीण घातली, तेव्हा आई चक्रावली. मधल्या कानाला हवा पुरवणारी सुमारे साडेतीन सेंटिमीटरची नळी नाकाच्या मागे उघडते, म्हणून ती तपासणी आवश्यक होती.

भावाची शस्त्रक्रिया आता ठरली आहे, माझे मात्र मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि स्टिरॉइडचा फवारा यांवर भागते. तोवर त्याला पावसाळ्यात व्हाळात डुंबायला बंदी आहे, आणि आईच्या कोमट खोबरेलालाही.