बेदाण्यांची बरणी आणि दात
सांगलीत राहून गोडापासून लांब राहणे अवघडच. उसाचा रस, गुळाची ढेप आणि तासगावचे बेदाणे घरोघरी असतातच. आमच्याकडेही चहाच्या डब्याशेजारी बेदाण्यांची बरणी असते आणि येता-जाता हात तिच्याकडे वळतो. खरी अडचण त्या येता-जाता खाण्यात आहे. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, दातांवरील सामू (pH; आम्ल वाढले की तो घटतो) साधारण ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधील, म्हणजे दातांच्या कठीण बाह्य आवरणातील, खनिजे विरघळू लागतात, आणि लाळेला ते आम्ल निवळून पूर्वस्थिती आणण्यास अर्धा ते एक तास लागू शकतो. मूठभर बेदाणे जेवणासोबतच संपवले तर ठीक. तेच दिवसभर दोन-दोन करून चघळले तर लाळेला उसंतच मिळत नाही. गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त खाणाऱ्यांनाही यातून सूट नाही. मधल्या वेळी भाजलेले शेंगदाणे किंवा काकडी बरी. रात्री फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासल्यावर पाण्याखेरीज काही घेऊ नये.

मिश्रीबद्दल मात्र माझे मत ठाम आहे: ती भाजलेली तंबाखू आहे, दंतमंजन नव्हे. ती लावणाऱ्या घरातील कोणाच्या हिरडीवर पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर दंतवैद्यांना लगेच दाखवावे.