कोरडंच फिरतंय

मे महिन्यातला सोमवार. सकाळी साडेआठच्या आत उंड्रीतल्या एकाच सोसायटीतून चार फोन आले. चौघांचंही रडगाणं एकच, मशीन पाणी घेत नाही. दुपारपर्यंत आकडा सातवर गेला. वॉशिंग मशीन दुरुस्तीत मला १४ वर्षं झाली, पण एकाच इमारतीतली सात मशिनं, तीही वेगवेगळ्या कंपन्यांची, एकाच दिवशी एकाच दुखण्यानं पडलेली मी कधी बघितली नव्हती.

निम्मं कोडं गेटवरच सुटलं. वॉचमन म्हणाला, काल गच्चीवरची टाकी धुतली. धुतली म्हणजे काय, तर तळाचा गाळ खराट्यानं ढवळला, हाताला लागला तेवढा उपसला आणि संध्याकाळी त्यावरच टँकरचं पाणी चढवलं. राहिलेला गाळ लाइनीतून घरोघर उतरला.

पहिल्या घरातले काका मला नळ सोडून दाखवत होते. "हे बघा, पाणी धो धो येतंय. मशीनमध्येच काहीतरी गडबड आहे." त्यांचंही चूक नव्हतं. नळातून गाळ निघून जातो. पण मशीनच्या पाठीमागं पाइप जिथं जोडतात, तिथं पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडात बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी असते. ती सगळा कचरा अडवून धरते आणि शेवटी पाणीसुद्धा. मशीन काही मिनिटं वाट बघतं, मग टीं टीं करत कोड दाखवतं. कुठल्या कंपनीत आयई, कुठल्या कंपनीत ४सी, कुठं सरळ 'टॅप'. अर्थ एकच, पाणी मागितलं, मिळालं नाही.

प्लग काढायचा, नळ बंद, पाइप सोडायचा, पाइपाचं तोंड बादलीत धरून धार बघायची, जाळी पकडीनं हळूच ओढायची, जुन्या ब्रशनं घासायची, परत बसवायची. पंधरा मिनिटांचं काम. तीन घरं अशीच झाली. चौथ्या घरातलं फ्रंट लोड जाळी धुऊनही हटून बसलं. व्हॉल्व्ह घूंऽऽ करत होता, पाणी थेंबभर. कॉइल, म्हणजे व्हॉल्व्हमधली तारेची गुंडाळी, मीटरवर तपासली, ४ किलोओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. या व्हॉल्व्हची गंमत अशी की कॉइल काही पाण्याची सगळी वाट स्वतः उघडत नाही. ती फक्त सुईएवढं भोक मोकळं करते. त्यानं रबरी पडद्याच्या वरचा दाब उतरतो आणि मग नळाचं पाणी खालून पडदा स्वतःच उचलतं. त्या भोकात वाळूचा कण अडकला की कॉइल बिचारी घूं घूं करत बसते. (टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर कधी कधी वाळू नसतानाही असंच होतं. १० मीटर उंचीमागं १ बार दाब, टाकी डोक्यावर दोनच मीटर असेल तर पाण्यात पडदा उचलायचा जोर कुठून येणार?) तिथं नवा व्हॉल्व्ह टाकला. पाचवं घर परत जाळीचं.

सहावं घर दुसऱ्या मजल्यावर, निवृत्त शिक्षिका. टॉप लोड मशीन. बाईंनी सकाळी फोनवरच सांगितलं होतं, "अहो, कोरडंच फिरतंय ते." मी म्हटलं होतं, "ते कपड्यांचं वजन बघतं बाई, सुरुवातीला सगळ्याच मशीनमध्ये तसं फिरतं." हे खरंही आहे. पाणी घ्यायच्या आधी तळाची चकती थोडा वेळ झटके देते आणि कपडे किती आहेत त्याचा अंदाज घेते.

जाळी काढली. गाळानं भरलेली. धुतली, बसवली, मशीन लावलं. पाणी नाही. मला वाटलं, झालं, हाही चौथ्या घरासारखाच. पिशवीत उरलेला शेवटचा व्हॉल्व्ह काढला, मागचं झाकण खोललं, बसवला. परत लावलं. पाणी नाही.

बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघा, फिरतंय की नाही? मघापासून फिरतंय. वजन किती वेळ बघायचं असतं?"

आणि मी बघितलं. चकती वाट बघत नव्हती, मशीन कोडही दाखवत नव्हतं. घड्याळ मिनिटं मोजत होतं आणि ओला थेंब नसलेल्या चादरी डावी-उजवीकडं घुसळल्या जात होत्या. सगळ्यात लाज वाटली ती याची, की व्हॉल्व्हला मी कानच लावला नव्हता. घूं घूं नव्हतीच. व्हॉल्व्हच्या पिनांवर मीटर धरला, २३० व्होल्ट यायला हवेत तिथं शून्य. नुसतं पाणी येत नव्हतं असं नाही, मशीन पाणी मागतच नव्हतं. त्याच्या हिशेबानं टब भरलेला होता.

मशीनला डोळे नसतात. टबाच्या तळाशी हवेची एक छोटी डबी असते, तिथून बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, सेन्सर तो दाब ओळखतो आणि बोर्डाला कळवतो, बास, भरलं. आता डबीचं तोंड चिखलानं बुजलं तर? टब रिकामा होतो, पण कोंडलेली हवा दाबलेलीच राहते. मशीनला कायम पोट भरल्यासारखं वाटत राहतं.

वरचं झाकण उघडून सेन्सरवरून नळी ओढली. फुस्स! सायकलच्या ट्यूबमधून निघते तशी हवा निघाली. बाईंनी "अगंबाई" म्हटलं. मशीन परत सुरू केलं, आणि काही सेकंदांत व्हॉल्व्ह घूंऽऽ करायला लागला, पाणी धबधबा पडायला लागलं. मी धावत जाऊन नळ बंद केला. नळी निघालेली असताना मशीनला थांबायचं कळत नाही, ते बैठकीच्या खोलीपर्यंत भरत राहील.

मशीन आडवं करून डबी साफ केली. वर्तमानपत्रावर जो लगदा पडला तो गाळ नव्हता. करडा, बुळबुळीत, वासाला साबणाचा. मी विचारलं, "पावडर किती घालता?" बाई जरा चाचरल्या. "आधी एक माप घालायचे. टँकर सुरू झाल्यापासून फेसच येत नाही, म्हणून तीन." जड पाण्यात फेस येत नाही म्हणून पावडर वाढवली, ती पूर्ण विरघळेना, आणि महिनोन्महिने तळाशी थर बसत गेला. त्यांच्या मशीनचं टाकी धुण्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते नेमकं त्याच दिवशी अडलं एवढंच.

नळी जोडली, त्यांचा जुना व्हॉल्व्ह परत लावून बघितला. चांगला होता. नवा पिशवीत टाकताना बाईंनी विचारलंच, "म्हणजे तो उगाच बदलला होता?"

"हो बाई."

"मी सकाळीच सांगितलं होतं."

"हो बाई."

पैसे मी बाकीच्यांकडून घेतले तेवढेच घेतले. त्यांनी वर एक वाटी आंबा डाळ दिली.

सातव्या घरी नळच बंद होता. आदल्या दिवशी कामवाल्या मावशींनी केला असावा. तिथं काहीच घेतलं नाही, हसायलाही फार आलं नाही, इतका दमलो होतो.

निघताना सेक्रेटरींनी गळ घातली, बाकीच्या घरांसाठी फलकावर चार ओळी लिहून द्या. मी लिहिलं, मशीनच्या मागं व्हॉल्वमधली जाळी साफ करून घ्यावी, पावडर मापात घालावी. आठ दिवसांनी दुसऱ्या कामाला गेलो तर कागद तिथंच होता. माझ्या 'व्हॉल्व'ला कुणीतरी लाल पेनानं राहिलेला 'ह' जोडून खाली सही ठोकली होती. अक्षर वळणदार होतं.