पौर्णिमेनंतरची पाचवी रात्र

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, केस अजून ओले आणि त्यांना मासळीचा वास मारतोय, पण आत्ताच लिहिते, उद्यापर्यंत निम्मं विसरेन.

काल काहीच झालं नाही. कोरलं, म्हणजे पोवळी, अंडी सोडताना बघायला पाण्यात उतरले, पाऊण तास त्यांच्या एकाच फांदीसमोर तरंगत बसले, २७ अंशाच्या पाण्यातही दात वाजायला लागले, मग हात हलवत वर. इथे ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर त्यासाठी नोव्हेंबरच्या पौर्णिमेनंतर चौथी ते सहावी रात्र म्हणतात, तर मी वैतागून म्हटलं की कोरलं काय कॅलेंडर बघून बसलीयेत का.

तर हो, तशी बसलेलीच असतात. आधी काही आठवडे पाणी तापावं लागतं, त्यात अंडी तयार होतात, आणि मग चंद्र. पौर्णिमेनंतर तो रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, म्हणजे सूर्य मावळल्यावर रोज थोडा थोडा जास्त वेळ मिट्ट काळोख मिळतो, आणि काही कोरलांवर प्रयोग करून दिसलंय की हा काळोखच त्यांचा इशारा. डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि मुहूर्त मात्र चुकत नाही. चुकतो तो आपला.

आज आठच्या पुढे गाईडने टॉर्च हलवून बोलावलं. शिंगांसारखं फांद्या फुटलेलं कोरल, आणि त्याच्या प्रत्येक पॉलिपच्या (कोरल ज्यांचं बनतं तो चिमुकला जीव) तोंडाशी एक गुलाबी ठिपका, साबुदाण्याहून बारीक. याला इथे सगळे 'सेटिंग' म्हणतात, अंडी आणि शुक्राणू एकत्र बांधलेली ती पुडी दाराशी येऊन थांबते. मी घाईत लाल फिल्टर न लावताच टॉर्च मारला आणि दोन सेकंदात बारीक किडे त्यावर असे तुटून पडले की समोरचं काही दिसेना, गाईडने माझ्या हातावर चापटच मारली.

मग जवळजवळ अर्धा तास काही नाही. आणि एकदम एक पुडी सुटली, मग दहा, मग सगळ्या फांदीभर, सावकाश वर वर जायला लागल्या, बर्फ खालून वर पडावा तसा. मासे तोंड उघडून मधे घुसले होते पण खाणार तरी किती, पोट भरतं की त्यांचं! सगळ्यांनी एकाच वेळी सोडण्यात हाही एक फायदा. शिवाय ही कोरलं नर-मादी दोन्ही असली तरी स्वतःच्या अंड्यांना स्वतःचे शुक्राणू सहसा चालत नाहीत, पुडी वर जाऊन फुटते तेव्हा शेजाऱ्याची पण फुटलेली लागते. एकटं पडलेलं कोरल कितीही वेळेवर पुडी का सोडेना, उपयोग शून्य. २०१६ पासून ब्लीचिंगने (पाणी फार तापून कोरलं पांढरी पडतात, बरीच मरतात) रीफ विरळ होत चाललंय तिथे मला हीच भीती जास्त वाटते.

गंमत म्हणजे १९८१ मधे इथल्याच मॅग्नेटिक आयलंड या बेटाजवळ संशोधकांनी हे बघेपर्यंत समज असा होता की बहुतेक कोरलं पिल्लं पोटातच वाढवतात. वर्षातून दोन-चार रात्री, तेही अंधारात, कोण बघायला जाणार म्हणा.

वर आले तर पाण्यावर गुलाबी तवंग, मास्कवर, स्ट्रॅपवर, कानात पण. ब्रेन कोरल, ते मेंदूसारख्या वळ्यांचं, अजून तसंच गप्प आहे. टॉर्च चार्जिंगला लावलाय, लाल फिल्टर आत्ताच चढवून ठेवला.