80 लाखांचा फ्लॅट आणि वरचे सहा-साडेसहा लाख

पुण्यात महापालिका हद्दीतला रीसेल फ्लॅट 80 लाखांना ठरला की घेणारा लगेच हप्ता काढायला बसतो. आधी काढायचा असतो तो वरखर्च. अशा घराला बँक फार तर 80 टक्के, म्हणजे 64 लाख कर्ज देते आणि त्या हिशेबात मुद्रांक शुल्क, नोंदणी फी धरतच नाही. तेव्हा 16 लाख जमवून निघालेला माणूस ऐनवेळी सहा-साडेसहा लाखांना कमी पडतो.

यातला मोठा घास मुद्रांक शुल्काचा. पुण्यात 7 टक्के (मूळ 5, स्थानिक संस्थेचा 1, मेट्रोचा 1), म्हणजे 5,60,000. मुंबईत 6 टक्के. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट, इथे सरळ 80,000 वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. हे बऱ्याच जणांना खरेदीखत टाईप झाल्यावर कळतं. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30,000.

शुल्क लागतं ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्यांकन यांत जे जास्त असेल त्यावर. मूल्यांकन 84 लाख निघालं तर 28,000 वाढले. म्हणून चलन भरण्याआधी मूल्यांकनाचा कागद स्वतः वाचा. रेकनरचा दर बिल्टअप (भिंतींसकट) क्षेत्राला असतो. कुणी ब्रोशरमधलं सुपर बिल्टअप (जिना, लॉबीचा वाटा धरून) टाकलं तर आकडा उगाच फुगतो. जुन्या इमारतीला घसारा मिळतो, पण वय सिद्ध करायला पूर्णत्वाचा दाखला लागतो. तो मागवायला कुणी सांगत नाही.

व्यवहाराची रक्कम 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर. हा खर्च नव्हे, विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा. मात्र कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, आणि उशिराला दिवसाला 200 रुपये. टोकनच्या चेकपासून कापा. शेवटी बँकेचा चेक पुरा गेला तर ते 80,000 तुमच्या खिशातून जातात. विकणारा परदेशस्थ असेल तर हा नियम लागूच होत नाही, तिथे कपात बरीच मोठी असते. आधी सीए गाठा.

वकिलाची फी वाचवू नका. 30 वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) घ्यायला सांगा आणि मागच्या प्रत्येक खरेदीचा मूळ करार, इंडेक्स दोनसकट (नोंदणीच्या उताऱ्यासकट), बघा. मधला एखादा करार कमी मुद्रांकाचा निघाला तर फरकावर महिन्याला 2 टक्के दंड चढलेला असतो, आणि बँक फाईल अडवते तेव्हा तो भरणार कोण यावर व्यवहार रखडतो. विसारपत्रातच लिहून घ्या: मागचं देणं विकणाऱ्याचं.

कर्जाच्या कागदावर म्हणजे गहाणावर वेगळं मुद्रांक शुल्क आहे, 0.3 टक्के, 64 लाखांवर 19,200. गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे नोंदणी कार्यालयाला कळवायची सूचना, 30 दिवसांत द्यायची.

राहिली सोसायटी. महापालिका हद्दीत हस्तांतर प्रीमियम (फ्लॅट नावावर करायला सोसायटी घेते ती रक्कम) कमाल 25,000. त्यावर 'बिल्डिंग फंडाला डोनेशन' मागितलं तर लेखी मागणी द्या म्हणा. बहुतेक ठिकाणी ती मागणी कागदावर येतच नाही.