शनिवार-रविवार सुट्टी

आजींचं वय ७४, वजन ४१ किलो. हृदयाच्या झडपेचा जुना आजार, त्यामुळे आलेलं एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची वेडीवाकडी लय, आणि सहा वर्षांपासून ठोके मंदावणारं डिगॉक्सिन ०.२५ मिलिग्रॅम, आठवड्यातून पाच दिवस. आठवडाभर अन्नावर वासना नव्हती, मळमळत होतं. तोवर ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या. सून म्हणाली, “डॉक्टर, गोळी एकदाही चुकवली नाही. शनिवार-रविवारची सुट्टीसुद्धा पाळली.”

ते खरंच होतं.

मी नाडी धरली. ४४, आणि अगदी एकसारखी. घरच्यांना वाटलं, ठोके सुधारले. फिब्रिलेशन असलेल्या माणसाची नाडी औषधाने मंदावते, पण वेडीवाकडीच राहते. ती मंद आणि घड्याळासारखी झाली, तर वरच्या कप्प्यांचा निरोप खाली पोचत नाही, खालचे कप्पे स्वतःच्या चालीने चालले आहेत, अशी शंका घ्यायची. ईसीजीने तेच सांगितलं. निरोपाच्या या अडथळ्याला ब्लॉक म्हणतात. बिट्टीच्या (पिवळ्या कण्हेरीच्या) बिया खाऊन आलेल्या रुग्णांतही असा ब्लॉक दिसतो. त्यातलं विष डिगॉक्सिनच्याच जातीचं.

मग सुनेने पिशवीतले कागद काढले. दोन महिन्यांपूर्वीचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.०, लॅबच्या चौकटीत ‘नॉर्मल’. वय, वजन आणि स्त्री असणं धरून हिशेब केला, तर मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला जेमतेम ३२ मिली. गोळी सुरू झाली तेव्हा वजन ५४ आणि क्रिएटिनिन ०.८ होतं, त्या हिशेबाने ५७. आजी निम्म्याने बदलल्या, चिठ्ठी तीच राहिली. त्यात दहा दिवसांपूर्वी जुलाब झाले, लघवीची गोळी मात्र चालूच, आणि खोकल्यासाठी पाच दिवस क्लॅरिथ्रोमायसिन. हे अँटिबायोटिक डिगॉक्सिनला शरीराबाहेर जाऊ देत नाही. आजचं क्रिएटिनिन १.४, म्हणजे क्षमता २३. पोटॅशियम ३.०, ते कमी असलं की डिगॉक्सिन हृदयाला जास्त चावतं.

राहिली सुट्टी. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर रक्तातलं डिगॉक्सिन निम्म्यावर यायला दीड-दोन दिवस लागतात, निकामी होत आली की चार-पाच. अशा माणसाला दोन दिवसांच्या सुट्टीने कितीसा फरक पडणार? मुळात ती सरासरी मात्रा दिवसाला ०.१८ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आजींना ०.१२५ सुद्धा जपूनच द्यावी लागली असती. ही सुट्टी आपल्याकडे इतकी रुळली आहे की लिहिणाऱ्यालाही आपण काळजी घेतल्यासारखं वाटतं.

सकाळी आठला गोळी घेतली होती, म्हणून डिगॉक्सिनच्या पातळीसाठी रक्त दुपारी तीनला काढलं. सहा तासांच्या आत काढलं तर आकडा खोटा चढतो. डिगॉक्सिन, लघवीची गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन तिन्ही बंद. सलाईन हळू. पोटॅशियमही हळूच, सहा-सहा तासांनी तपासत. मूत्रपिंड थकलेलं आणि ब्लॉक असताना ते एकदम चढलं तर ब्लॉक आणखी वाढतो. ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपिनच्या ०.६ मिलिग्रॅमने नाडी ५२ झाली, तात्पुरत्या पेसमेकरची वेळ आली नाही. पातळीचा आकडा दुसऱ्या दिवशी आला: ३.१. बहुतेकांना ०.५ ते ०.९ पुरते.

चौथ्या दिवशी आजींनी पेज मागितली. नाडी ७८, पुन्हा वेडीवाकडी. सून घाबरली, मी म्हणालो, हीच त्यांची नेहमीची.