‘कशावरून?’ : नववीला वैचारिक निबंध शिकवतानाचा माझा अनुभव

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. 2024 च्या जुलैत नववीच्या घटक चाचणीच्या वह्या तपासायला घेतल्या. निबंधाचा विषय होता ‘मोबाइल : शाप की वरदान?’ वह्या 46. पहिल्या पाच-सहा वाचल्या आणि हात थांबला. सगळ्यांची सुरुवात ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’, मध्ये चार फायदे, चार तोटे आणि शेवटी नाण्याच्या दोन बाजू. उरलेल्या वह्या मी फक्त शेवट बघण्यासाठी उघडल्या. 39 वह्यांत तेच नाणं होतं.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलाला विचारलं, “सगळं लिहिलंस, पण तुझं मत काय?” तो गोंधळला. म्हणाला, “मत लिहायचं असतंय व्हय मॅडम? गाईडात तर नव्हतं.”

गाईडला दोष देऊन मी मोकळी होऊ शकले असते. पण प्रस्तावना, फायदे, तोटे, समारोप हा सांगाडा मीच अकरा वर्षं फळ्यावर लिहून देत आले होते. दहावीच्या कृतिपत्रिकेत वैचारिक लेखन 8 गुणांचं, तेही प्रसंगलेखन आणि आत्मकथन यांना पर्याय म्हणून. मुलं बहुतेक वेळा आत्मकथन निवडतात, तेव्हा तेवढ्यावर भागतं असंच मला वाटत होतं. त्या मुलाच्या उत्तरानं मला फार वाईट वाटलं. चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःचं मत कागदावर मांडता येतं हेच माहीत नसेल, तर मी मराठी शिकवते म्हणजे नेमकं काय करते?

वाट सापडली ती खेळाच्या तासाला. अ आणि ब तुकडीची कबड्डी चालली होती आणि एका चढाईवरून वाद पेटला. मी व्हरांड्यात उभी होते. एक जण ओरडला, “त्याचा पाय बाहेर गेलता!”

“कशावरून?”

“टाचेला फक्की लागलीय, बघ की.”

“फक्की लागली म्हंजे पाय रेघेवर होता. रेघ मैदानातच धरतेत. बाहेर गेला ते दाखव.”

“ही बघ, रेघेच्या पल्याड टाच उमटलीय.”

“ती मघाच्या चढाईची असंल.”

“मघा फक्की कुठं मारली होती? ठशाच्या कडंला फक्की हाय, दिसंना का?”

सरांनी खाली वाकून ठसा पाहिला आणि चढाई करणाऱ्याला बाद दिलं. मला मात्र त्या एवढ्याशा वादात सगळा वैचारिक निबंध दिसला. मत होतं, पुरावा होता. पुरावा खरा असूनही तो मत सिद्ध करत नाही, हे दुसऱ्यानं दाखवलं होतं. मग पहिल्यानं अधिक पक्का पुरावा आणला. यातला मधला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. टाचेला फक्की होती हे दोघांनाही मान्य होतं. वाद होता तो फक्की लागण्याचा अर्थ काय, यावर. पुरावा आणि मत यांच्यामधल्या या जागेला मी वर्गात ‘दुवा’ म्हणायला लागले.

पुढच्या तासाला तो संवाद जसाच्या तसा फळ्यावर लिहिला. मुलं आधी हसली, मग वाक्यावाक्यापुढे मत, पुरावा, दुवा असं स्वतःच सांगू लागली. त्या ओघात मी त्यांना आपल्याकडच्या न्यायशास्त्रातला, म्हणजे तर्काच्या शास्त्रातला, जुना दाखलाही सांगितला : डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो, जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत, या डोंगरावर तसाच धूर आहे, म्हणून तिथे आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन ही नावं मी सांगितली, पाठ करायला दिली नाहीत. एक मुलगी म्हणाली, “पण मॅडम, थंडीत सकाळी तळ्यावरची वाफबी धुरावानीच दिसती.” ही शंका जुन्या नैयायिकांनाही सुचलेली आहे, हे सांगितल्यावर तिचा चेहरा असा काही खुलला!

पहिला सरावाचा विषय घेतला शाळेच्या वेळेचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय आला होता, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. आमची शनिवारची शाळा सकाळची. मग हायस्कूललाही शनिवारी नऊनंतरची वेळ असावी का? या वेळी मतं आली, पण सगळी हवेत. ‘झोप अपुरी राहते.’ ‘अभ्यासात लक्ष लागत नाही.’ मी व्याकरण तपासलंच नाही. लाल पेनानं समासात एकच शब्द लिहीत गेले : कशावरून? एका वहीच्या पानावर तो नऊ वेळा लिहिला. मुलं वैतागली, पण आठवड्यानं एका वहीत असं आलं : ‘मागच्या दोन शनिवारी पहिल्या तासाला आमच्या वर्गात उशिरा आलेली मुले मी मोजली. एकदा 11, एकदा 9. त्यातली बहुतेक एस. टी. ने येणारी होती.’ आणि खाली त्याच मुलीनं लिहिलं होतं, ‘पण हे झोपेमुळे की एस. टी. मुळे, हे यावरून कळत नाही.’ मी ते वाक्य वर्गात दोनदा वाचून दाखवलं.

खरी अडचण पुढे होती. विरुद्ध बाजू मांडायला सांगितली की सगळे लिहीत, ‘काही लोकांना असे वाटते की... पण ते चुकीचे आहे.’ हे काही लोक कोण, कुठे राहतात, त्यांना तसं का वाटतं, याचा पत्ता नाही. पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी पुरं मांडायचं, मग उत्तर द्यायचं, हे सांगून कळत नव्हतं. म्हणून मी महात्मा फुल्यांचं, ब्रिटिश सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढचं निवेदन घेतलं. 1882 सालचं, मूळ इंग्रजीत; मी मुलांना त्याचा आशय मराठीत सांगितला. वरच्या वर्गांना आधी शिकवा, मग शिक्षण आपोआप खाली झिरपेल, हे सरकारी धोरण. जोतीराव ते टाळत नाहीत. ते धोरण समोर ठेवतात आणि विचारतात की शिकलेल्या वरच्या वर्गांनी आजवर खालच्यांसाठी काय केलं, किती जणांना शिकवलं? शिक्षणाचा पैसा रयतेच्या कष्टातून येतो आणि रयतेलाच शाळा नाही, हे दाखवतात. मग मागणी : किमान बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. एक मुलगा पटकन म्हणाला, “म्हंजे त्यांनी बी कशावरूनच इचारलं की.” मला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

सप्टेंबरअखेर मी तो विषय दिला, जो द्यावा की नाही यावर पंधरा दिवस विचार केला होता : ऊसतोडीला जाताना आईवडिलांनी मुलांना सोबत न्यावे का? आमच्याकडे हा प्रश्न निबंधापुरता नसतो. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, त्याआधीच घेतलेली असते आणि वर्गातले बाक रिकामे व्हायला लागतात. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या 9 जणांच्या घरी कोयता होता, म्हणजे घरचे ऊसतोडीला जाणारे होते. कोणाला अवघड वाटलं तर शनिवारच्या शाळेवरच लिहा, असं मी सांगून ठेवलं. कोणी विषय बदलला नाही.

जोड्या लावल्या, दोन विरुद्ध मतांची एक जोडी. नियम एकच : तुम्ही लिहिलेला पूर्वपक्ष समोरच्याला वाचायला द्यायचा. त्याला पटलं की आपलं म्हणणं असंच आहे, तर तो खाली लिहील ‘होय, माझे म्हणणे हेच’ आणि सही करील. सही मिळेपर्यंत पुढचा परिच्छेद लिहायचा नाही.

एका बागायतदाराच्या मुलानं लिहिलं, ‘आईवडील अडाणी असल्यामुळे त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही व ते मुलांना सोबत नेतात.’ त्याच्या जोडीदार मुलीचे आईवडील दरवर्षी तोडीला जातात. तिनं वही वाचली, मिटली आणि परत दिली. “सही नाही करणार.” त्यानं दुसऱ्यांदा लिहिलं, तिनं पुन्हा नाकारलं. तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी म्हटलं, तिला विचार. मग ते दोघं खिडकीपाशी बसले. मी मुद्दाम लांब राहिले, तरी ती बोलत होती आणि तो लिहून घेत होता एवढं दिसत होतं. तिसऱ्या खर्ड्यात आलं : ‘फडावर पहाटे चारला उठून तोडायला जावे लागते. लहान भाऊ कोपीत (झोपडीत) एकटा कसा राहील? म्हणून मोठ्या मुलीला न्यावे लागते. आणि गावात ठेवली तर रात्री तिच्याजवळ कोण झोपणार, ही काळजी आईला तिकडे काम करू देत नाही.’ तिनं सही केली. त्यानंतर त्यानं लिहिलेलं उत्तर पहिल्यापेक्षा कितीतरी संयमी होतं, आणि जास्त पटणारंही.

तिचा स्वतःचा निबंध सरळ ‘न्यावे’ किंवा ‘नेऊ नये’ असा नव्हता. लहानांना न्यावे, पण नववी-दहावीच्या मुलांना गावात ठेवावे, असं तिचं मत. कोणीतरी चर्चेत शिक्षण हक्क कायद्याचा दाखला दिला होता. तिनं तो खोडून काढला : तो कायदा 6 ते 14 वयासाठी, आठवीपर्यंत, आपण नववीत आहोत, आपल्याला दुसरा आधार शोधावा लागेल. मग तिनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेबद्दल लिहिलं, आणि मुलगी वसतिगृहात राहिली तर घरचं कोणतं काम कोण करील, याचा हिशेबही मांडला. दळण, पाणी, भावाला सांभाळणं, एकेक ओळ. मी इतकी वर्षं निबंध तपासतेय, पुराव्याची अशी मांडणी माझ्या हाती आली नव्हती.

वर्गातली सही झालीच होती. सोमवारी तिनं वही दिली तेव्हा पूर्वपक्षाखाली दुसरी सही दिसली, जाड आणि वाकडी. मी वर पाहिलं. ती म्हणाली, “वडिलांची हाय. वाचून दाखवलं. म्हणले, व्हय, माझं म्हणणं हेच हाय.”

“आणि पुढचं, तुझं उत्तर?”

“ते बी ऐकलं. म्हणले, दिवाळीपस्तोर सांगतो.”

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा ती तिसऱ्या बाकावर होती, आजीपाशी राहिलेली. हे निबंधामुळे झालं असं मी म्हणणार नाही. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तिच्याजवळ कोणीतरी लागणारच होतं, असं तिनंच सांगितलं. तीन मुलं मात्र गेली होती. त्यांच्या वह्या मी कपाटात वेगळ्या बांधून ठेवल्या. त्यातल्या एका वहीत पूर्वपक्ष पुरा झाला होता आणि सहीची जागा कोरी होती.

एप्रिलमध्ये तो मुलगा फडावरून परत आला. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत वही मागून घेतली आणि जोडीदाराला शोधायला गेला.