सनई डोलायला लागली आणि माझे एकोणीस दिवस गेले

धुळ्यात आमचा लहानसा ऑर्केस्ट्रा आहे, त्यात मी कीबोर्डवर असतो. सिंथ जुना, रोलँडचा एक्सपी-६०, १९९८ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेला. विकणाऱ्याने मॅन्युअल दिलं नाही, मीही मागितलं नाही. टोन लावायचा आणि वाजवायचं, एवढंच येत होतं आणि तेवढ्यावर बरीच लग्नं निघाली.

हळदीला ऑर्गन, सनई आणि स्ट्रिंग्ज एकाच वेळी हाताशी लागतात. म्हणून एकेक आवाज पॅच मोडमध्ये (तिथे एका वेळी एकच आवाज वाजतो) निवडला आणि परफॉर्मन्स मोडमध्ये (तिथे अनेक आवाज एकत्र) कीबोर्डचे भाग, म्हणजे पार्ट, पाडून बसवला. पहिल्या पार्टला ऑर्गन, दुसऱ्याला सनई. पॅचमध्ये कडक वाजणारी सनई परफॉर्मन्समध्ये चक्क डोलायला लागली. घेरी आल्यासारखा सूर. पाहुण्यांना वाटलं, मीच काहीतरी नवीन करतोय.

मी वायर बदलली, मिक्सर बदलला, हेडफोन लावून ऐकलं. तेच. मग एका मोठ्या शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात एसटीने सिंथ घेऊन गेलो. तिथल्या माणसाने दोन पट्ट्या दाबल्या आणि म्हणाला, "आउटपुट बोर्डात ओल धरलीय, ठेवून जा." आठ दिवसांनी फोन केला तर म्हणे स्पेअर पार्ट यायचाय. तेराव्या दिवशी माणूस गावाला गेलेला. मध्ये श्रावण लागला, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या मिरवणुकीची सुपारी घेऊन ठेवलेली, ती भाड्याच्या साध्या कीबोर्डवर निभावली. त्या दिवसाची आठवण नको. एकोणिसाव्या दिवशी अठराशे रुपये मोजून सिंथ घरी आणला, परफॉर्मन्स लावला, सनई डोलतेच आहे.

आता विचार करतो तर लाज वाटते. बोर्ड खराब असता तर सनई पॅच मोडमध्येही डोलली असती. हे मला तिकडे जाताना एसटीत सुचलं असतं तर अठराशे वाचले असते.

मॅन्युअल नेटवर फुकट मिळतं. आल्या रात्री उतरवलं. पहिला घोळ शब्दांचाच. आपण सगळे ज्याला टोन म्हणतो, त्याला मॅन्युअलमध्ये पॅच म्हणतात. तिथला टोन म्हणजे पॅचच्या आतला एक थर, असे चार थर मिळून एक पॅच. प्रत्येक टोनला स्वतःचा फिल्टर (आवाज उजळ की मऊ), एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो), एलएफओ (आवाजाला थरथर देणारा). तिथून पुढे आवाज इफेक्टकडे जातो. इफेक्टचे विभाग तीन: ईएफएक्स (खास इफेक्ट), कोरस (आवाज जाड करणारा) आणि रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा). ईएफएक्समध्ये चाळीस प्रकार आहेत, ओव्हरड्राइव्ह, फेजर, रोटरी वगैरे, पण एका वेळी त्यातला एकच चालतो. पॅच मोडमध्ये एकच पॅच वाजत असतो, त्यामुळे ते जाणवत नाही. परफॉर्मन्समध्ये सोळा पार्ट आणि ईएफएक्स तोच एक.

हे वाचलं, पण डोक्यात बसेना. दुसऱ्या दिवशी साक्रीकडे मामांकडे गेलो होतो. त्यांचं वावर पांझरा नदीवरच्या फडात, म्हणजे एकाच पाटावर भिजणाऱ्या शेतांच्या गटात आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, पाटकरी पाळीने सोडतो आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ही जुनी रीत. मी आपलं रडगाणं सांगितलं तर मामा म्हणाले, "मंग हाऊ तं फडच शे ना रे. एका फडमा एकच पीक!"

तेव्हा ट्यूब पेटली. कोणतं पीक लावायचं हे ठरवते ईएफएक्स सोर्स नावाची सेटिंग. माझी ती पार्ट एकवर होती, म्हणजे ऑर्गनच्या पॅचवर. त्यात रोटरी, फिरत्या स्पीकरची नक्कल. सनईच्या पार्टचं आउटपुट असाइन (आवाज कुठे पाठवायचा ही सेटिंग) 'पॅच'वर होतं, म्हणजे पॅच सांगेल तसं, आणि तिच्या पॅचमध्ये लिहिलेलं होतं की ईएफएक्समधून जा. ती बिचारी आपला डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) शोधत ऑर्गनच्या रोटरीत शिरली.

उपाय पाच मिनिटांचा. सोर्स सनईच्या पार्टवर केला. ऑर्गन आणि स्ट्रिंग्जचं आउटपुट असाइन 'मिक्स' केलं, म्हणजे ते ईएफएक्सला वळसा घालून जातात. त्यांचे कोरस-रिव्हर्ब सेंड, म्हणजे तिकडे किती आवाज पाठवायचा ते, वेगळे लावता येतात. ऑर्गनला थोडी थरथर हवी होती, ती त्याच्या एलएफओतून दिली. एलएफओ, फिल्टर टोनच्या आतले, ते पॅचबरोबर परफॉर्मन्समध्ये येतात.

खरं तर हे आधी सांगायला हवं होतं: असं काही झालं की ईएफएक्स, कोरस, रिव्हर्ब एकेक बंद करून ऐका. डोलणं कशाने थांबतं ते लगेच कळतं. कोरस मात्र जरा फसवतो, त्याचं आउटपुट रिव्हर्बमध्येही सोडता येतं. आणि परफॉर्मन्स राइट, म्हणजे सेव्ह, केल्याशिवाय स्विच बंद करू नका. मी एकदा सगळं पुन्हा लावलंय. राइट केल्यावर फ्लॉपीवरही घ्या, ड्राइव्ह चालू असेल तर.

साउंडवाला एकच वायर देत असेल तर ती लेफ्ट म्हणजे मोनोवाल्या जॅकमध्येच. सनईला स्वतंत्र चॅनल देणारा भेटला तर डायरेक्ट आउट हा वेगळा जॅक आहे, पण आमच्याकडे असा अजून भेटलेला नाही.

ऑर्गनची रोटरी गेली ती गेलीच. इतक्या हळदी झाल्या, पण हे फक्त आमच्या पॅडवाल्याच्या (इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणाऱ्याच्या) लक्षात आलं. तो म्हणाला, "आधीचा बरा होता."